घरच्या घरी लघवीतली साखर आणि कीटोन कसे तपासावेत

घरात कुणाला मधुमेह निघाला की आठवड्याभरात दोन सल्ले हमखास येतात. एक कारल्याच्या रसाचा. दुसरा, ‘मेडिकलमधून लघवीच्या पट्ट्या आण, रोज बोट टोचायची कटकट कशाला?’ कारल्याबद्दल मी बोलणार नाही. दुसरा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि गोंधळ होतो तो उरलेल्या अर्ध्यामुळे. रोजची साखर मोजायला लघवीची पट्टी कमकुवत साधन आहे, त्यासाठी ग्लुकोमीटरच हवा. कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं, पकडायला मात्र हीच पट्टी फार कामाची आहे, आणि ज्यांना तिची खरी गरज असते त्यांच्याच घरात ती बहुधा नसते. हा लेख ज्यांनी पट्टी अजून हातातही घेतलेली नाही, त्यांच्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या: लघवीत साखर येते कुठून?

मूत्रपिंडं दिवसभर रक्त गाळत असतात. गाळलेल्या पाण्यात साखरही उतरते, पण मूत्रपिंड ती जवळजवळ सगळी परत ओढून रक्तात सोडतात. या ओढून घेण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर (दर 100 मिलि रक्तात) साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत घेता येत नाही आणि उरलेली लघवीतून वाहून जाते. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी जातं तसंच. सांडव्याखाली कोरडं दिसलं म्हणून धरण रिकामं आहे असं नसतं, ते अर्धं भरलेलं असेल किंवा काठोकाठही असेल.

म्हणून ‘लघवीत साखर निल’ याचा अर्थ इतकाच, की गेल्या काही तासांत साखर बहुधा 180 च्या फार वर गेली नाही. ती 170 असेल, 110 असेल, 50 सुद्धा असेल. साखर घसरल्याचं लघवी कधीच सांगत नाही. अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पट्टी शोधत बसू नका. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच बघा, नसेल तर न बघता तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या. माणूस शुद्धीवर असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

आणखी एक अडचण. हा सांडवा सगळ्यांचा सारख्या उंचीवर नसतो. वय झालेल्या आणि मधुमेह जुना असलेल्या पुष्कळ लोकांत तो वर सरकतो. रक्तात 230 आणि पट्टी कोरी, असं त्यांच्याबाबतीत होऊ शकतं. गरोदरपणात तो खाली येतो, त्यामुळे रक्तातली साखर ठीक असतानाही पट्टी रंगते. काही माणसांत तो जन्मापासूनच खाली असतो. त्यांना मधुमेह नसतो, तरी प्रत्येक तपासणीत लघवीत साखर दिसते आणि घरचे उगाच धास्तावतात.

तुमचा सांडवा कुठे आहे हे घरीच कळू शकतं. काही दिवस एकाच वेळी ग्लुकोमीटरवर रक्त आणि पट्टीवर लघवी तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. पट्टीचा रंग रक्ताच्या कोणत्या आकड्यापासून बदलायला लागतो ते हळूहळू दिसू लागेल. एवढं केल्याशिवाय नुसत्या पट्टीवर विसंबून औषधाची मात्रा कुणीही बदलू नये.

बेनेडिक्टचा निळा द्राव

ज्यांनी जुनी लॅब पाहिली आहे त्यांना तो निळा द्राव आठवत असेल. स्टॅनले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत दिली. परीक्षानळीत 5 मिलि द्राव, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळाच राहिला तर निल, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी लाल झाला की ‘चार प्लस’. कित्येक घरांत आजी-आजोबांनी रोज सकाळी हेच केलं आहे. पण ही चाचणी साखर आणि तिच्यासारखंच वागणारे दुसरे पदार्थ यांत फरक करत नाही. बाळंतिणीच्या लघवीत येणारी दुधातली साखरही तिला चालते. शिवाय उकळताना गरम द्राव उसळून हातावर, डोळ्यांत जाण्याची भीती असते. घरी पोरंबाळं असतील तर हा उद्योग करू नका. एखाद्या ज्येष्ठाकडे अजून बाटली असेल तर ती लॅबमध्ये देऊन टाका.

पट्टीने हे सगळं सोपं केलं. 1956 साली अमेरिकेतल्या माइल्स लॅबोरेटरीजमध्ये हेलन फ्री आणि अल्फ्रेड फ्री या पती-पत्नींनी नुसती बुडवून वाचायची ग्लुकोजची पट्टी आणली. आजच्या पट्ट्यांचं तत्त्व तेच आहे. टोकाच्या चौकोनावर एक एन्झाइम असतं, ते फक्त ग्लुकोजवर काम करतं आणि रंग बदलतं.

कोणती पट्टी विकत घ्यावी

मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘युरीन स्ट्रिप द्या’ म्हटलं तर दुकानदार जी समोर असेल ती देतो. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. फक्त ग्लुकोजची पट्टी असते, ग्लुकोज आणि प्रोटीनची असते, ग्लुकोज आणि कीटोनची असते, फक्त कीटोनची असते. शिवाय दहा चौकोनांची लांबलचक पट्टी असते, ती लॅबसाठी. घरी दहा गोष्टी एकदम बघितल्या की त्यातली एखादी हमखास रंगते आणि विनाकारण डॉक्टरकडे धाव घेतली जाते.

माझं मत विचाराल तर टाइप 1 मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांनी, आणि इन्सुलिन किंवा पुढे सांगितलेल्या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या चालू असलेल्यांनी ग्लुकोज-कीटोन अशी जोड पट्टी घ्यावी. ग्लुकोमीटर घरात असेल तर फक्त कीटोनचीही पुरेल. टाइप 2 (बहुतेकांना असतो तो मधुमेह) असून फक्त मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू असतील आणि साखर आटोक्यात असेल, तर लघवीच्या पट्टीवर पैसे घालवण्याऐवजी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्या.

एक्सपायरी बघा. बाटलीचं सील बघा. आणि हे नीट लक्षात ठेवा, बाटली उघडल्यावर छापील एक्सपायरी लागू राहत नाही. बहुतेक पट्ट्या उघडल्यापासून काही महिनेच चालतात, नेमके किती ते आतल्या कागदावर असतं. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा. शंभर पट्ट्यांची बाटली स्वस्त पडते खरी, पण महिन्यातून दोनदाच वापरणाऱ्याची ती संपण्याआधीच खराब होते. छोटी बाटली मिळाली तर तीच घ्या.

ठेवायची कुठे

पट्टीचे तीन शत्रू आहेत: ओल, ऊन, उष्णता. बाथरूममधला फळीचा कोपरा सगळ्यांना सोयीचा वाटतो, आणि तीच सगळ्यांत वाईट जागा. कोकणात जुलै महिन्यात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते, तिथे झाकण अर्धवट लावलेल्या बाटलीतल्या पट्ट्या लवकरच निकामी होतात. फ्रिजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात प्रश्न उष्णतेचा. बहुतेक बाटल्यांवर 30 अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि घरच तेवढं थंड नसतं. अशा वेळी घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीतल्या कपाटात तळाच्या खणात ठेवा. माठाशेजारी नको. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर नकोच नको.

बाटलीच्या आत ओल शोषणारी छोटी पुडी असते किंवा ती झाकणातच बसवलेली असते. ती फेकू नका. पट्ट्या काढून दुसऱ्या सुबक डबीत भरू नका. रंगांचा तक्ता मूळ बाटलीवर आहे आणि प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या तक्त्याशी ताडून पाहणं म्हणजे अंदाजपंचे. पट्टी उभी कापून एकाच्या दोन करायची युक्तीही लोक करतात. कात्री, हाताचा घाम, आणि कापताना उघडी राहिलेली बाटली या तिन्हींमुळे वाचलेले पैसे वाया जातात. न वापरलेल्या पट्टीचा चौकोनच तक्त्यातल्या ‘निल’ रंगासारखा दिसत नसेल, तपकिरी किंवा काळपट झाला असेल, तर सगळी बाटली टाकून द्या.

तपासणी, एकेक पाऊल

1. लघवी कोणत्या वेळची घ्यायची ते ठरवा. रात्रभर मूत्राशयात साठलेली पहाटेची लघवी म्हणजे सहा-सात तासांची सरासरी. आत्ता काय चाललंय हे पाहायचं असेल तर आधी एकदा लघवी करून मूत्राशय रिकामं करा, थोडं पाणी प्या, अर्ध्या तासाने पुन्हा जा आणि ती दुसरी लघवी तपासा. जेवणानंतरची साखर बघायची असेल तर जेवण झाल्यावर एकदा लघवीला जाऊन या आणि जेवणापासून दोन तासांनी नमुना घ्या.

2. भांडं कोरडं आणि स्वच्छ हवं. मेडिकलमध्ये झाकणाचे प्लास्टिकचे युरीन कंटेनर मिळतात, ते उत्तम. जॅमची बरणी, सिरपची बाटली नको, धुतली तरी साखरेचा अंश राहतो. ब्लीचिंग पावडरने किंवा टॉयलेट क्लीनरने धुतलेलं भांडंही नको. ब्लीचमुळे साखर नसतानाही ग्लुकोजचा चौकोन रंगतो. भांडं नको असेल तर पट्टी क्षणभर सरळ लघवीच्या धारेत धरली तरी चालते.

3. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ठेवा. मग बाटली उघडा, एकच पट्टी काढा आणि लगेच झाकण घट्ट लावा. रंगीत चौकोनाला बोट लावू नका.

4. चौकोन पूर्ण भिजतील इतपत पट्टी बुडवा आणि लगेच बाहेर काढा. एक सेकंद पुरे. जास्त वेळ ठेवली तर रसायन धुऊन जातं.

5. भांड्याच्या काठावर पट्टीची कड टेकवून जास्तीची लघवी निथळू द्या आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनातलं पाणी दुसऱ्यात उतरतं आणि दोन्ही रंग बिघडतात.

6. घड्याळ बुडवल्या क्षणापासून मोजायचं. जोड पट्टीत बहुधा कीटोनचा चौकोन आधी वाचायचा असतो, साधारण 15 सेकंदांनी, आणि ग्लुकोजचा 30 सेकंदांनी. पण तुमच्या बाटलीवर जी वेळ छापली आहे तीच खरी. दोन मिनिटांनी ‘आता जास्त गडद झालाय’ म्हणून पुन्हा वाचू नका, तो रंग कशाचाच नसतो.

7. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, तक्त्याला जवळजवळ चिकटवून वाचा. पिवळट बल्बखाली हिरवा आणि तपकिरी यांच्यातला फरक समजत नाही.

ज्याला मधुमेह आहे त्यानेच रंग वाचावा असा आग्रह धरू नका. जुन्या मधुमेहात डोळ्याचा पडदा बिघडलेला असतो, मोतीबिंदू असतो, काहींना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. नमुना घेतल्यावर तासाभराच्या आत तपासा. तसाच ठेवला तर जंतू त्यातली साखर खातात आणि पट्टी खोटं ‘निल’ दाखवते. वापरलेली पट्टी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, संडासात नको, तुंबतं.

ग्लुकोजचा चौकोन काय सांगतो

तक्त्यावर निल, मग साधारण 100, 250, 500, 1000 आणि 2000 असे टप्पे असतात. हे आकडे लघवीतल्या साखरेचे आहेत, रक्तातल्या नव्हेत. ‘500 आलं, आता अ‍ॅडमिट करा’ असा फोन मी बरेचदा ऐकला आहे, आणि ग्लुकोमीटर लावल्यावर रक्तात निघायचे 240. उलटही होतं. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ होते आणि साखर बरीच असूनही रंग फिका येतो. म्हणून या चौकोनाचा उपयोग एवढाच: रंग आला, तर ग्लुकोमीटरवर किंवा लॅबमध्ये रक्त तपासा. संडासात लघवीला मुंग्या लागल्या म्हणून तपासायला येणारे लोक आजही आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

आता सर्वांत महत्त्वाचा अपवाद. औषधाच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत घटकाचं नाव असतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन, म्हणजे शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेलं काहीही. या गोळ्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकणं आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपलं आणि ती स्वस्त झाली, तेव्हापासून ती घराघरांत पोचली आहे. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊकही नसतं. अशा माणसाची पट्टी नेहमीच भरपूर रंगणार, रक्तातली साखर 110 असली तरी. त्यांच्यासाठी ग्लुकोजचा चौकोन निरर्थक आहे, आणि तो बघून गोळी वाढवणं किंवा बंद करणं धोक्याचं. या गोळ्या हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठीही देतात, म्हणून काही घेणाऱ्यांना मधुमेहच नसतो.

व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या रोज घेत असाल तर उलट चूक होते. साखर असते आणि पट्टी कमी दाखवते. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन लघवी केशरी-लाल करतं, लघवीच्या जळजळीवर देतात ती फेनाझोपायरिडिन नावाची गोळीही तसंच करते. अशा लघवीत पट्टीचा रंग वाचणं कठीण. मधुमेह आणि क्षय एकत्र असणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी पट्टीच्या नादी लागू नये.

कीटोन: पट्टी घेण्याचं खरं कारण

इन्सुलिन नसेल किंवा फारच कमी पडलं तर शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळतं, आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. थोडी असली तर काही बिघडत नाही. साठत गेली तर रक्त आम्लधर्मी होतं. डॉक्टर याला डीकेए म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. पहिल्यांदा निदान होणाऱ्या टाइप 1 च्या मुलांपैकी कित्येक जण याच अवस्थेत दवाखान्यात येतात. आधी ‘पोटाचा विकार’ म्हणून त्यांना दोन दिवस ओआरएस पाजलेलं असतं.

कीटोन केव्हा तपासायचे? टाइप 1 असेल आणि रक्तातली साखर 250 च्या वर जाऊन तिथेच रेंगाळत असेल तेव्हा. ताप, उलट्या, जुलाब, दाढदुखी, कोणताही जंतुसंसर्ग असेल तेव्हा, साखर कितीही असो. इन्सुलिनचा डोस चुकला किंवा इन्सुलिन उन्हात खराब झाल्याची शंका आली तेव्हा. पोटात दुखतंय, मळमळतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, माणूस गुंगीत आहे, तेव्हा तर तपासणी होवो न होवो, आधी दवाखाना. आजारपणात दर चार ते सहा तासांनी तपासायचं, रात्रीसुद्धा.

कीटोनचा चौकोन फिक्या पिवळसर रंगापासून गुलाबी, मग जांभळ्याकडे जातो. टप्पे साधारण 5, 15, 40, 80, 160 असे. 5 म्हणजे नाममात्र. 15 आलं तर बिनसाखरेचं पाणी, ताक, सूप असं भरपूर प्या आणि दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. 40 आलं तर डॉक्टरांना लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही. 80 किंवा 160 आलं, किंवा कोणत्याही आकड्यासोबत उलट्या थांबत नसतील, तर सरळ मोठ्या रुग्णालयात. गाडी नसेल तर 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. फोनवर ‘शुगर वाढलीय’ एवढंच सांगू नका, ‘लघवीत कीटोन आहेत’ हे शब्द वापरा, समोरच्याला घाई कळते.

टाइप 1 च्या घरांत एक चूक वारंवार होते: ‘काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला?’ आजारपणात अन्न पोटात नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, पण बंद मात्र नाही. कीटोन 40 किंवा जास्त असताना ‘चालून साखर उतरवतो’ म्हणून फिरायला जाऊ नका. अशा वेळी व्यायामाने कीटोन वाढतात.

ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांसाठी वेगळा धोका आहे. त्यांची साखर लघवीतून जात राहते, म्हणून डीकेए झालेला असतानाही ग्लुकोमीटरवर 180-200 च दिसू शकतं. घरचे निर्धास्त, रुग्ण ओकतोय. या लोकांनी उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी आणि मळमळ असेल तर साखर चांगली दिसली तरी कीटोन बघावेत. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस ही गोळी बंद करतात. दाताच्या किंवा मोतीबिंदूच्या डॉक्टरांनाही तुम्ही ती घेता हे सांगा.

पट्टीची एक मर्यादा इथे माहीत हवी. कीटोनचे मुख्य प्रकार दोन, आणि डीकेएमध्ये जो सर्वांत जास्त वाढतो तो या पट्टीला दिसतच नाही. तिला दुसरा दिसतो. म्हणून सुरुवातीला पट्टी कमी दाखवते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या प्रकारचं दुसऱ्यात रूपांतर होतं, आणि तेव्हा पट्टी आणखी गडद होते. रुग्णाला बरं वाटतंय, पट्टी मात्र वाईट सांगते, असं झालं तर घाबरू नका, डॉक्टर रक्तावरून ठरवतील. लघवी म्हणजे गेल्या काही तासांचा हिशोब, हे कीटोनलाही लागू. खर्च परवडत असेल तर बोटाच्या रक्तावर कीटोन मोजणारं मीटर मिळतं, ते जास्त अचूक. त्यावर 0.6 च्या खाली ठीक, 1.5 च्या वर डॉक्टरांना फोन, 3 च्या वर रुग्णालय. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल ही गोळी घेत असाल तर कीटोन नसताना पट्टी जांभळी होऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

आणि उपास. निर्जळी एकादशी किंवा नवरात्रातला कडक उपास करणाऱ्या निरोगी माणसाच्या लघवीतही कीटोन येतात. रात्री लवकर जेवून सकाळी उशिरा तपासलं तरी 5 दिसतं. साखर नॉर्मल, अंगात बरं वाटतंय, आणि ग्लिफ्लोझिन किंवा इन्सुलिन चालू नाही, तर ते उपाशी कीटोन असतात, दोन घास खाल्ले की जातात. या तीनपैकी एक जरी गोष्ट वेगळी असेल तर हा दिलासा लागू नाही.

लहान मुलं आणि गरोदर बायका

नॅपी घालणाऱ्या मुलाचा नमुना घ्यायला नॅपीत स्वच्छ कापसाचे बोळे ठेवा आणि ते ओले झाल्यावर पट्टीवर पिळा. मूल वारंवार लघवी करतंय, सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय, सवय सुटलेली असून पुन्हा अंथरूण ओलं करतंय, असं असेल तर हीच पट्टी तासाभरात खूप मोठी गोष्ट सांगून जाते. ग्लुकोज रंगलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

गरोदरपणात साखर लघवीवर बघू नका. सांडवा खाली आलेला असल्याने पट्टी खोटा इशारा देते, आणि खरा मधुमेह असूनही ती कोरी राहू शकते. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तावर करतात, 140 किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारा. उलट्या होणाऱ्या, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाईचे कीटोन मात्र जरूर बघावेत.

प्रोटीनचा चौकोन

मधुमेहाने मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीत आधी अल्ब्युमिन हे प्रोटीन अगदी थोडं येतं. साध्या पट्टीला ते सुरुवातीचं थोडं दिसत नाही. तिचा चौकोन रंगेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून घरी ‘प्रोटीन निल’ आलं म्हणून निश्चिंत राहू नका. लॅबमध्ये लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वर्षातून एकदा करून घ्या, टाइप 2 असेल तर निदान झालं त्या वर्षापासून, टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर. 30 च्या खाली ठीक. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर आकडा खोटा वाढतो, म्हणून डॉक्टर काही महिन्यांत पुन्हा करायला सांगतात. तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तरच ते पक्कं मानतात.

वहीत काय लिहायचं

नुसतं ‘++’ लिहू नका, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तारीख, वेळ, शेवटचं जेवण केव्हा, पहिली लघवी की अर्ध्या तासाने घेतलेली, पट्टीचा आकडा, त्याच वेळचा ग्लुकोमीटरचा आकडा, आणि त्या दिवशीचं काही वेगळं. एक नमुना असा:

14 ऑगस्ट, रात्री 9.30. ताप 101. संध्याकाळी 6 ला पेज. दुसरी लघवी. ग्लुकोज 1000, कीटोन 15. रक्त 286. इन्सुलिन नेहमीचं घेतलं. पाणी-ताक चालू. पुन्हा 12 ला बघायचं.

डॉक्टरांकडे जाताना ही वही, औषधांची रिकामी पाकिटं आणि पट्टीची बाटली, तिन्ही घेऊन जा.